डावीकडे मोकळं आहे

परीक्षक : चावी फिरवू नका, बाई. आधी तुमच्या यजमानांना विचारू दे. या कार्डावर तारखा किती आहेत?

नवरा : तारखा? एकच की साहेब. ही वरची. अजून सहा वर्षं आहेत.

परीक्षक : आणि खालची?

नवरा : खालची... ती गाडीची असेल.

परीक्षक : गाडीची तारीख माणसाच्या कार्डावर कशाला येईल? वरची खासगी वाहनांची. स्वतःची कार, स्कूटर. ती सहा वर्षं खुशाल चालवा. खालची व्यावसायिक. ट्रक, बस, हा तुमचा दुधाचा टँकर. ती दोन महिन्यांपूर्वी संपली.

बायको : संपली? अहो, तुम्ही तर नवीन करून आलात ना? सकाळी डबा घेऊन गेला होतात. दिवसभर रांगेत होतो म्हणालात.

नवरा : केलं की. म्हणजे अर्ज दिलाय. कार्ड पोस्टाने येतं आता.

परीक्षक : पावती?

नवरा : घरी असेल.

परीक्षक : घरी असेल. बरं. बाई, तुमचे कागद द्या. कारचं पक्कं लायसन्स चौदा वर्षांचं. हेवीचं शिकाऊ, पस्तीस दिवसांचं. शिकाऊ माणसाने मोठी गाडी चालवायची तर शेजारी हेवीचं चालू लायसन्स असलेला माणूस लागतो, हे माहीत आहे?

बायको : माहीत आहे. हे असतात ना शेजारी.

परीक्षक : यांचं लायसन्स आज कारपुरतं आहे. म्हणजे या केबिनमध्ये तुम्ही दोघं मिळूनही एक ड्रायव्हर होत नाही. मग आज सकाळी गाडी इथे आली कशी? उडत?

नवरा : साहेब, त्याचं असं झालं...

परीक्षक : नका सांगू. सांगाल ते मला लिहावं लागेल. मैदानाच्या भिंतीच्या आत जबाबदारी माझी, म्हणून चाचणी घेतो. नंतर चावी माझ्या खिशात. पास झालात तर तुम्ही स्वतः गाडी बाहेर न्या. नाही झालात तर ती इथेच उभी राहील. कबूल?

नवरा : अगं, संध्याकाळचं दूध उचलायचंय...

बायको : कबूल. साहेब, एक विनंती आहे. हे डाव्या खिडकीशी बसले तर चालेल का? डावीकडचं बघायला कोणी असलं की बरं पडतं. मी तशीच शिकलेय.

परीक्षक : क्लीनर बसवायला नियमात मनाई नाही. मी मधे बसतो. पण यांनी फक्त डावी बाजू सांगायची. गिअर, क्लच, स्टिअरिंग यातलं अवाक्षर काढलं तर खाली उतरवीन.

नवरा : तोंडाला कुलूप, साहेब. सव्वीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. सांगण्यासारखं खूप आहे, पण कुलूप.

परीक्षक : लागलं की नाही अजून?

नवरा : लागलं, लागलं.

परीक्षक : चला, बाई. सरळ घ्या, समोरच्या पिंपापर्यंत.

बायको : घेते... हं. अगं बाई! बंद पडली.

परीक्षक : बंद पडली की पाडली?

बायको : म्हणजे?

परीक्षक : क्लच सोडायच्या आधी तुम्ही डोळे मिटलेत. ज्याची गाडी खरंच बंद पडते, त्याला ती पडणार हे आधी कळत नाही. आणि वर स्टिअरिंगवरून हात फिरवलात. गाडीची माफी मागितल्यासारखा.

बायको : घाबरले होते, साहेब.

परीक्षक : सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. न येण्याचं सोंगही आणता येत नाही. कोणी सांगितलं होतं, एकदा बंद पाडायची म्हणून?

नवरा : साहेब, कुलूप आहे म्हणून बोलत नाही, नाही तर...

परीक्षक : तुम्ही सांगितलंत. कळलं. परत सुरू करा, बाई. आता जशी येते तशी चालवा. हं. दुसरा. तिसरा. वळून घ्या.

नवरा : डावीकडे मोकळं आहे. येऊ दे.

परीक्षक : त्या पांढऱ्या रेषेवर थांबवा.

बायको : थांबवली.

परीक्षक : चाक बरोब्बर रेषेवर. झकास. आता पाय काढा ब्रेकवरून.

बायको : काढते.

परीक्षक : काढत नाही आहात. गाडी केव्हाच थांबली, तरी तुम्ही पाय दाबून धरलाय, पाठ सीटला घट्ट टेकवलीय. कशाची वाट बघताय?

बायको : कशाची नाही. सवय... म्हणजे काळजी घेते.

परीक्षक : मी ही नोकरी धरायच्या आधी सात वर्षं तेलाचा टँकर चालवलाय. गाडी थांबते, पण टाकीतला माल थांबत नाही. तो पुढे येतो, मागे जातो आणि परत येऊन पाठीत धक्का देतो. तेवढं थांबायला पाय आपोआप शिकतो. टाकी रिकामी आहे, बाई. धक्का यायचा नाही. तुमच्या पायाला मात्र ते माहीत नाही.

नवरा : त्याचं काय आहे साहेब, मी हिला टाकीत पाणी भरून शिकवलं. आपल्याच आवारात. म्हटलं रिकाम्या गाडीवर कोणीही शिकेल.

परीक्षक : शहाणपणाचं काम केलंत. किती भरत होता? अर्धी की पूर्ण?

नवरा : पूर्ण! काठोकाठ. अर्धवट काम आपल्याला जमत नाही.

बायको : अहो, गप्प बसा.

परीक्षक : नको, बोलले ते बरं झालं. काठोकाठ भरलेली टाकी धक्का देत नाही, ड्रायव्हरसाहेब. पाण्याला हलायला जागाच नसते. धक्का अर्धी टाकी देते. गावोगावचं दूध गोळा करत निघालं की निम्म्या फेरीत टाकी अर्धी होते. सव्वीस वर्षं चालवलीत, तुम्हाला हे माहीत नाही होय?

नवरा : माहीत आहे. घाईत बोललो.

बायको : हात दाखवून अवलक्षण! कुलूप लावलं होतं ना? साहेब, माझ्याशी बोला. विचारा काय विचारायचंय ते.

परीक्षक : किती दिवस?

नवरा : अगं, नको सांगूस...

बायको : दीड वर्ष. सकाळची फेरी आणि संध्याकाळची. नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायची, हे इकडे बसायचे, मी तिकडे. नाका ओलांडला की परत मी. रस्त्यावर तपासणी दिसली तरी तेच.

परीक्षक : कारच्या लायसन्सवर.

बायको : कारच्या लायसन्सवर. यांना शुगर आहे. दोन तास बसलं की पाय बधिर होतात, डोळ्यांवर ताण येतो. म्हणाले, थोडे दिवस तू धर, मी बाजूला आहे. थोड्या दिवसांचं दीड वर्ष झालं. आता डेअरीच्या मॅनेजरने कागद काढलाय. एक तारखेपासून गाडीमागे एका हेवी लायसन्सची प्रत जमा करायची, आणि लायसन्सवाला समोर उभा करायचा. म्हणून आले. चोरी सोडून द्यायलाच आले मी इथे.

परीक्षक : एक तारीख पुढच्या गुरुवारी.

बायको : आठ दिवसांवर. प्रत दिली नाही तर काम दुसऱ्याला. टँकर आमचा स्वतःचा आहे. तेवढ्यावरच घर चालतं. मुलगी कॉलेजात आहे, सासूबाई अंथरुणावर. आणखी काही सांगायचं राहिलं नाही.

परीक्षक : हे मी लिहिलं तर वर्षभर तुम्हाला चाचणीला बसता येणार नाही. माहीत आहे?

बायको : कळलं होतं. तुम्ही पायाकडे बघायला लागलात तेव्हाच.

नवरा : साहेब, पाया पडतो. बाईमाणूस आहे म्हणून नाही म्हणत, पण हिच्यासारखा हात शंभरात एकाचा नसतो. तुम्ही स्वतः बघितलंत, चाक बरोब्बर रेषेवर. आणि ही एकटी कधीच चालवत नाही हो. मी असतो ना. डावी बाजू माझी, उजवी हिची. चार डोळे आहेत या गाडीला.

परीक्षक : चाचणी संपलेली नाही. रिव्हर्स राहिलाय. मागे ते दोन ड्रम दिसतायत? त्यांच्या मधून गाडी आत घ्यायची आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभी करायची.

बायको : म्हणजे तुम्ही लिहिणार नाही?

परीक्षक : मी रिव्हर्स घ्या म्हटलं. एवढंच म्हटलं.

बायको : घेते. अहो, बघा नीट. नवी जागा आहे.

नवरा : बघतोय. येऊ दे. डावीकडे मोकळं आहे. येऊ दे... थोडं उजवीकडे तोड. मोकळं. मोकळं आहे, ये बिनधास्त. ये, ये...

परीक्षक : थांबा! ब्रेक!

बायको : थांबले! काय झालं? काय झालं हो?

नवरा : मोकळं होतं! मोकळं होतं साहेब, काही नव्हतं.

परीक्षक : अरे, उठू नकोस! तसाच मागे सरक. सरक! लागलं का कुठे? नाही ना? पाय बघू. हलव. बरं. जा, सावलीत बस जा. बादलीचं मरू दे!

बायको : कोण आहे तिकडे? साहेब, कोण होतं?

परीक्षक : आमचा शिपाई. वाकून ड्रमजवळच्या रेषेला चुना मारत होता. चाक त्याच्या बादलीवर चढलंय. त्याच्या पायापासून वीतभर अंतर होतं.

बायको : अहो, तुम्ही मोकळं म्हणालात.

नवरा : मधेच आला असेल. आत्ता आला असेल गं तो.

परीक्षक : आपण मैदानात शिरलो तेव्हापासून तो तिथेच बसलाय. अंगात लाल बनियन आहे. ड्रायव्हरसाहेब, समोर बघा. त्या लांबलचक भिंतीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

नवरा : आता हे कशाला?

बायको : वाचा ना.

नवरा : वाचायचं काय त्यात... नेहमीचंच. धूम्रपान करू नये. आणि खाली... रांगेत उभे राहा.

बायको : अहो.

नवरा : ऊन डोळ्यांवर येतंय. गाडी थोडी पुढे घे, मग वाचतो सगळं.

बायको : अहो, भिंत कोरी आहे.

नवरा : नीट बघ गं.

बायको : कोरी आहे भिंत. एक अक्षर नाही तिच्यावर.

परीक्षक : खालच्या तारखेसाठी डॉक्टर डोळे तपासतो. वरच्या वेळी कोणी तपासलं नव्हतं. म्हणून तुम्ही त्या दिवशी रांगेत उभेच राहिला नाहीत. बरोबर?

नवरा : उभा होतो. खोटं नाही बोलत. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो. आतल्या माणसाला म्हणाले, हा तक्ता वाचा. बाहेर मला ऐकू आलं. मग बागेत जाऊन बसलो. डबा तिथेच खाल्ला.

बायको : मी चावी काढतेय, साहेब. ही घ्या.

परीक्षक : चाचणी मधेच सोडताय?

बायको : यांना बाजूला बसवून मी आता एक फूटही गाडी हलवणार नाही. हलवायची असेल तर तुम्ही हलवा.

परीक्षक : मी हलवतो नंतर. दोघं खाली उतरा. ड्रायव्हरसाहेब, थांबा, पायरीवर पाय ठेवा. आणखी खाली. हं.

(तिघे टँकरच्या सावलीत उभे राहतात. परीक्षक चाकाच्या पत्र्यावर फॉर्म ठेवून लिहू लागतो.)

बायको : लिहा, साहेब. दीड वर्षाचंही लिहा. मी नाही म्हणणार नाही.

परीक्षक : दीड वर्ष मी ऐकलं. डोळ्यांनी पाहिलं नाही. फॉर्मवर मी पाहिलेलं लिहितो. काय पाहिलं ते वाचून दाखवतो. "नापास. वाहनावर ताबा उत्तम. डावा आरसा एकदाही पाहिला नाही."

बायको : एकदाही?

परीक्षक : एकदाही. पुढे जाताना नाही, वळताना नाही, मागे घेताना नाही. तुमची मान डावीकडे वळतच नाही. मी मोजत होतो. शेजारी माणूस बसलाय म्हणून तुम्ही अर्धी गाडी सोडून दिलीत.

बायको : विश्वास होता. पंचवीस वर्षांचा संसार आहे. नवरा मोकळं म्हणाला की बाई परत बघते का?

परीक्षक : बाई बघत नसेल. ड्रायव्हरने बघायचं असतं. सात दिवसांनी परत बसता येतं. बुधवारी सकाळी पहिला नंबर तुमचा. तोवर रोज सात ते नऊ मैदान शिकाऊंना खुलं असतं. आमचा शिक्षक शेजारी बसेल. त्याची खालची तारीख चालू आहे, मी स्वतः बघितलीय. डाव्या खिडकीत मात्र कोणी नसेल.

बायको : बुधवारी पास झाले तर गुरुवारी कागद मिळेल?

परीक्षक : पावती त्याच दिवशी मिळते. ती चालते. आणि झाला नाहीत तर मी दयामाया दाखवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आज वीतभर अंतर होतं.

नवरा : साहेब... माझी वरची तारीख तर चालू आहे ना? कारची?

परीक्षक : कागदावर चालू आहे. उद्या तुम्ही कार काढलीत तर कार्ड बघून कोणी अडवणार नाही. तेवढंच त्या कार्डाचं म्हणणं आहे. बाकी तुमचं तुम्हाला माहीत. मी त्या शिपायाला चहा पाजून येतो. बिचारा चुन्याने पांढरा झालाय.

नवरा : माणूस चांगला आहे.

बायको : बोलू नका माझ्याशी.

नवरा : बरं.

बायको : कधीपासून?

नवरा : तू बोलू नको म्हणालीस.

बायको : कधीपासून दिसत नाही?

नवरा : दिसत नाही असं नाही गं. सगळ्यावर साय धरल्यासारखं आहे. उजेड कळतो. गाडी, झाड, घर कळतं. माणूस हलला की कळतो. हा बसून होता.

बायको : कधीपासून विचारतेय मी!

नवरा : गेल्या हिवाळ्यापासून जास्त.

बायको : आणि रोज मला डावीकडे मोकळं आहे म्हणून सांगायचात, ते कशावरून?

नवरा : रस्ता पाठ आहे मला. सव्वीस वर्षांचा. कुठल्या वळणाला शाळा, कुठे म्हशी येतात, सगळं. आणि कान चांगले आहेत. गाडी आली की ऐकू येते.

बायको : सायकल ऐकू येते?

नवरा : ...नाही.

बायको : पुलाच्या वळणावर तो सायकलवाला शिव्या देत गेला. तुम्ही म्हणालात, मधेच घुसला मेला. मीही त्याला दोन शब्द ऐकवले. बिचारा. मधे कुठे घुसला होता तो, त्याच्या कडेने नीट चालला होता! माझ्या हातून मेला असता माणूस. तुमच्या नाही, माझ्या हातून! मी रात्री पाठ टेकली की दोन मिनिटांत झोपते, माहीत आहे ना? निर्धास्त झोपते. दिवसभर एवढी मोठी गाडी नीट चालवली म्हणून. आणि मी अर्धं मिटलेलं वाहन चालवत होते.

नवरा : झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. डेअरीत कळलं असतं, घरी कळलं असतं.

बायको : मला कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

नवरा : तू गाडी थांबवली असतीस.

बायको : हो. थांबवली असती.

नवरा : मग मी कुठे बसलो असतो? घरी, आईच्या खाटेशेजारी? निदान केबिनमध्ये होतो. तू विचारायचीस, मी सांगायचो. अजून माझ्यावाचून गाडी वळत नाही, एवढं तरी वाटायचं.

बायको : रडू नका. अहो, रडू नका इथे. मला अजून रागावायचंय, तुम्ही रडलात की जमत नाही.

नवरा : मॅनेजरला काय सांगायचं?

बायको : मी सांगते. आठ दिवस गाडी बंद आहे, ड्रायव्हर नापास झाली.

नवरा : काम दुसऱ्याला देतील.

बायको : देऊ देत. बुधवारी पास झाले की कागद घेऊन मागायला जाईन. नाही दिलं तर दुसरी डेअरी. आणि उद्या दुपारी तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी सोबत येणार. आत, तक्त्यापर्यंत.

नवरा : ते ऑपरेशन सांगतील.

बायको : सांगू देत. इतके दिवस तुम्ही सांगितलंत ते ऐकलं, आता त्यांचं ऐकू. चला, बस पकडायचीय. हात द्या.

नवरा : येईन मी. तू पुढे हो.

बायको : फाटकापर्यंत सगळी खडी पडलीय. हात द्या म्हणते ना.

नवरा : अगं, फाटकाशी सगळे ड्रायव्हर उभे असतील. ओळखीचे असतात. बघतील ना.

बायको : बघू देत. तुम्हाला कुठे दिसतायत?

नवरा : ...हळू चाल मग.